लिंगाची ताठरता चार तासांनंतरही उतरत नसेल तर काय करावे?

लैंगिक इच्छा नसताना किंवा संबंध होऊन गेल्यावरही लिंगाची ताठरता चार तासांहून अधिक काळ टिकून राहिली, तर त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात प्रायपिझम म्हणतात. प्रायपस या ग्रीक देवाच्या नावावरून हा शब्द आला. आपल्या बोलीत या दुखण्याला सर्वांना कळेल असे नाव नाही, आणि नाव नसलेले दुखणे सांगायला अवघड जाते. विनोदाचा विषय म्हणून ते लोकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात अपेंडिक्स फुटणे किंवा वृषणाला पीळ पडणे जितके तातडीचे, तितकेच हेही तातडीचे आहे. वेळेत उपचार झाले तर बहुतेक रुग्ण पूर्ववत होतात. दिवसभर अंगावर काढले तर पुढे कायमची नपुंसकता येऊ शकते.

लातूर-नांदेड पट्ट्यात, निलंग्यासारख्या तालुक्यात, हे लक्षण दोन वेगवेगळ्या वाटांनी येते. एक वाट जगभर सारखीच आहे: औषधे, सिकलसेल, रक्ताचे आजार, मार. दुसरी वाट इथल्या रानातली आहे. लाल विंचू चावल्यावर पुरुषांत आणि लहान मुलांत लिंग ताठर होते, आणि ते विष अंगात भिनल्याचे चिन्ह असते. पहिल्या वाटेत धोका त्या अवयवाला असतो, दुसऱ्या वाटेत जिवाला. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या जवळजवळ विरुद्ध आहेत, त्यामुळे हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

ताठरता उतरत का नाही?

लिंगाच्या आत दोन लांबट, स्पंजासारख्या पोकळ्या असतात आणि त्यांच्याभोवती चिवट पडद्याचे वेष्टन असते. उत्तेजना आली की या पोकळ्यांतले स्नायू सैल पडतात, धमन्यांतून रक्त भरते आणि पोकळ्या फुगतात. फुगलेल्या पोकळ्यांमुळे रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा वेष्टनाखाली दाबल्या जातात. उत्तेजना ओसरली की स्नायू आकसतात, शिरा मोकळ्या होतात, रक्त निघून जाते. शेतातल्या भाषेत सांगायचे तर बारे उघडले की पाणी भरते आणि चर मोकळा झाला की निचरा होतो. प्रायपिझममध्ये हा निचरा होत नाही.

कोंडलेले रक्त तिथेच साचून राहते. त्यातला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढते. अशा रक्तात स्नायूंना आकसता येत नाही, आणि स्नायू आकसले नाहीत तर रक्त बाहेर पडत नाही. एकदा हे चक्र सुरू झाले की काही तासांनंतर ते आपोआप सुटण्याची शक्यता कमी होत जाते. 'सकाळपर्यंत उतरेल' हा हिशेब चुकतो तो इथे.

चार तासांची मर्यादा यावरूनच ठरली आहे. साधारण तेवढ्या वेळात आतल्या रक्ताचा ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो. बारा तासांच्या आसपास आतल्या ऊतींना सूज येते. चोवीस तासांनंतर पेशींची हानी दिसू लागते. अठ्ठेचाळीस तासांपर्यंत स्नायूंचा बराच भाग मरून त्या जागी वळासारख्या निबर, ताठर धाग्यांची ऊती तयार होऊ लागते. ही ऊती पुन्हा स्पंज होत नाही. छत्तीस तासांहून अधिक काळ गेलेल्या रुग्णाला डॉक्टर आधीच स्पष्ट सांगतात की ताठरता उतरवता येईल, वेदना थांबेल, पण पुढे नैसर्गिक ताठरता परत येण्याची आशा फार थोडी आहे. चार तास ही हानी सुरू होण्याआधी दवाखान्यात पोहोचण्याची मुदत आहे. चार तास पूर्ण होण्याची वाट पाहत घरी बसायचे असा तिचा अर्थ कोणी घेऊ नये, विशेषतः दवाखाना तासाभराच्या अंतरावर असेल तेव्हा.

या रक्त कोंडणाऱ्या प्रकारात वेदना असते आणि ती वाढत जाते. लिंगाचा दांडा लाकडासारखा कडक असतो, पण पुढचे बोंड मऊ राहते, कारण त्याची रचना वेगळी असते. तपासताना डॉक्टर ही खूण मुद्दाम पाहतात. प्रायपिझमचे बहुतांश रुग्ण याच प्रकारचे असतात.

दुसरा, कमी आढळणारा प्रकार माराचा आहे. सायकलच्या दांडीवर, भिंतीच्या कडेवर किंवा बैलगाडीच्या साटीवर दोन मांड्यांच्या मध्ये जोरात आपटले की आतली धमनी फाटते आणि ताजे रक्त सतत पोकळीत येत राहते. ताठरता अर्धवट असते, फारसे दुखत नाही, आणि कधी कधी मार लागल्यानंतर काही दिवसांनी ती सुरू होते. रक्त ताजे असल्याने ऊती मरत नाहीत. हा प्रकार तपासून घ्यायलाच हवा, पण त्यात रात्रीच्या रात्री धावपळ करावी लागत नाही. कोणता प्रकार आहे हे घरी ठरवू नये. ते काम सुईने काढलेल्या रक्ताचे आणि डॉप्लर सोनोग्राफीचे आहे.

विंचू चावल्यावर

विंचवाशी मराठवाड्याची ओळख जुनी आहे. पैठणच्या एकनाथांनी विंचवाच्या दंशावर भारूड रचले आणि ते आजही कीर्तनात, जत्रेत रंगते. त्यातला विंचू षड्रिपूंचा आहे. पण दंशानंतर अंगाला सुटणारा घाम त्यात आहे, आणि तो घाम वैद्यकीयदृष्ट्याही महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या विंचवांपैकी जिवावर उठणारा म्हणजे लाल विंचू. काळ्या मोठ्या इंगळीपेक्षा तो आकाराने लहान, पण विषाने जहाल. दगडमातीच्या भिंतीतल्या सांदी, दगडांची रास, लाकडांचा ढीग, कडब्याची गंजी, रात्रभर बाहेर राहिलेली चप्पल या त्याच्या जागा. त्याचे विष मज्जातंतूंची टोके एकाच वेळी चेतवते. शरीरातली जी यंत्रणा आपल्या इच्छेशिवाय चालते, म्हणजे घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकसणे, ती सगळी एकदम बेभान होते. सुरुवातीला उलटी, भरभरून घाम, तोंडात लाळ आणि पुरुषांत लिंगाची ताठरता दिसते. पाठोपाठ हातपाय गार पडतात, रक्तदाब आणि नाडी चढते. पुढे हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. मृत्यू येतो तो या शेवटच्या पायरीवर.

या लक्षणांची साखळी जगासमोर मांडली ती मराठवाड्यातच जन्मलेल्या एका डॉक्टरांनी. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ च्या सुमारास ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचूदंशाने धडधाकट माणसे आणि लेकरे दगावत होती आणि त्यावर खात्रीचा उपचार नव्हता. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून कोणते लक्षण कधी दिसते याच्या नोंदी ठेवत गेले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. लाल विंचू चावल्यावर हृदयावर परिणाम होणार हे आधीच सांगणारी चिन्हे कोणती, हा त्याचा विषय. उलटी, घाम, लाळ, गार पडलेले हातपाय यांच्या रांगेत प्रायपिझमही होता.

ही नोंद साधी वाटते, पण तिच्यामागे एक सवय आहे. विंचू पायाला चावला की पाहणारे पायच पाहतात. रुग्णाचे धोतर किंवा चड्डी बाजूला करून सगळे अंग तपासणारा डॉक्टरच हे लक्षण टिपू शकतो. न बोलणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत तर ते फारच उपयोगी ठरते. रात्री अंथरुणात अचानक किंचाळून उठलेला, घामाने चिंब झालेला, लाळ गाळणारा मुलगा आणि त्याचे ताठर लिंग एवढ्यावरून, विंचू कोणी पाहिलेला नसला तरी, डॉक्टरला अंदाज बांधता येतो. मुलींत आणि बायकांत ही खूण मिळत नाही. तिथे घाम, उलटी आणि गार हातपाय यांच्यावरच लक्ष ठेवावे लागते.

उपचार सापडला तो रक्तदाबाच्या एका गोळीत. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो. प्राझोसिन हे औषध नेमकी ती आवळण्याची क्रिया थांबवते. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याचा वापर करून १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच निष्कर्ष मांडले. त्याआधी गंभीर विषबाधा झालेल्यांत पंचवीस ते तीस टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाची प्रतिविष लस तयार होऊ लागली. २०११ मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण नुसते प्राझोसिन मिळालेल्यांपेक्षा लवकर बरे झाल्याचे बावस्कर दांपत्याने दाखवले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

विंचूदंशातल्या प्रायपिझमला स्वतंत्र उपचार सहसा लागत नाही. विषाचा जोर ओसरला की ताठरता आपोआप उतरते. तिथे सुई लावण्याची घाई नसते. घाई असते ती हृदय सांभाळण्याची. एरवीच्या प्रायपिझममध्ये जे औषध लिंगात टोचतात, ते फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळण्याचे काम करते. विंचवाच्या विषाने आधीच रक्तवाहिन्या आवळलेल्या असताना ते दिले तर धोका वाढेल. गंमत अशी की प्राझोसिनचे नाव प्रायपिझमच्या दुर्मीळ कारणांच्या यादीतही आढळते. म्हणून ताठरतेची तक्रार घेऊन जाणाऱ्याने रात्री काही चावल्यासारखे वाटले होते का, हे न विचारता सांगावे. विंचू चावलेल्यानेही 'खालच्या जागी' काही बदल जाणवत असेल तर तो लपवू नये.

दंशाच्या जागी फारसे दुखत नाही म्हणून विष कमी आहे असे समजणे चूक आहे. गावात अजूनही विंचू उतरवणारे आहेत. मंत्राने उतरला असे वाटणारे बहुतेक विंचू मुळात सौम्य विषाचे असतात. तिथे वेदना काही तासांत तशीही कमी होते. लाल विंचवाच्या दंशात मात्र हेच तास हातचे जातात. घाम, उलटी, गार हातपाय किंवा ताठरता यांपैकी काहीही दिसले की थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

विंचू नसेल तर कारण काय असते?

प्रौढ पुरुषांत सर्वाधिक वेळा कारण असते ते औषध. त्यातही लिंगात थेट टोचायच्या इंजेक्शनांचा वाटा मोठा आहे. पापाव्हरिन, अल्प्रोस्टॅडिल ही औषधे नपुंसकतेच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठी मूत्ररोगतज्ज्ञ वापरतात. योग्य मात्रेत, 'चार तासांत उतरले नाही तर लगेच या' अशी सूचना देऊन वापरली तर ती सुरक्षित असतात. धोका वाढतो तो बसस्थानकाच्या भिंतीवर जाहिरात करणाऱ्या, नाव-पदवी धड न सांगणाऱ्या 'गुप्तरोग' दवाखान्यांत. तिथे काय टोचले हे रुग्णाला कळत नाही आणि रात्री अकराला फोन लागत नाही.

सिल्डेनाफिलच्या गोळ्यांबद्दल लोकांच्या मनात भीती जास्त आहे. एकटी ती गोळी, ठरलेल्या मात्रेत, प्रायपिझम क्वचितच घडवते. दोन-तीन गोळ्या एकदम घेणे, इंजेक्शनसोबत घेणे किंवा दारू, गांजा यांच्या जोडीने घेणे हे खरे धोक्याचे. 'ताकदीची आयुर्वेदिक गोळी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत हेच औषध न सांगता मिसळलेले असते, हे अन्न व औषध तपासण्यांत जगभर वारंवार आढळले आहे. अशी पुडी घेतली असेल तर तिचे रिकामे पाकीट दवाखान्यात घेऊन जावे.

झोपेसाठी आणि नैराश्यासाठी दिले जाणारे ट्रॅझोडोन हे या दुष्परिणामासाठी विशेष ओळखले जाते. क्लोरप्रोमाझिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशा मानसिक आजारांच्या औषधांतही तो क्वचित दिसतो. ही औषधे हजारो रुग्णांना उपयोगी पडतात, त्यामुळे नुसत्या भीतीने ती बंद करणे घातक ठरेल. पण औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ ताठरता राहू लागली, तर ती तशीच डॉक्टरला सांगायला हवी. मोठा प्रसंग येण्याआधी असे छोटे इशारे अनेकदा मिळतात.

मुलांत आणि तरुणांत मुख्य कारण सिकलसेल. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे तो जास्त असला तरी नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या आदिवासी भागातही त्याचे रुग्ण आहेत. कामासाठी तिथून लातूर-निलंग्याकडे आलेल्या माणसाला हा आजार असू शकतो हे इथल्या डॉक्टरच्या ध्यानात असावे लागते. सिकलसेलमध्ये प्रायपिझम अनेकदा पहाटे येतो, तासा-दोन तासांनी उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. पाणी कमी पिणे, ताप, थंडी यांमुळे तो उद्भवतो. अशा मुलाची आई त्याला 'लघवी तुंबली असेल' म्हणून सोडून देते, आणि मुलगा तर काहीच बोलत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात रक्ताच्या थेंबावर तपासणी होते. ज्या घरात आजार ठाऊक आहे तिथे मुलग्याला वयात येण्याआधीच या त्रासाची कल्पना देणे बरे.

रक्ताचा कर्करोग हे कारण विरळ, पण विसरण्याजोगे नाही. विशेषतः सीएमएल या प्रकारात पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात जातात, रक्त घट्ट होते आणि क्वचित प्रायपिझम हेच आजाराचे पहिले लक्षण ठरते. म्हणून ताठरता उतरली तरी साधी रक्तगणना केल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवत नाहीत.

एक वेगळी परिस्थितीही सांगण्यासारखी आहे. विहिरीत, झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडलेल्या बेशुद्ध पुरुषाचे लिंग ताठर दिसले, तर मणक्याला आणि मज्जारज्जूला मार लागल्याची शक्यता मोठी असते. अशा माणसाला खांद्याला-पायाला धरून उचलू नये. मान आणि पाठ सरळ ठेवून, फळीवर घेऊनच हलवावे.

दवाखान्यात काय करतात?

बऱ्याच जणांना वाटते की आत गेले की कापाकापी होणार. सुरुवातीचे उपचार तसे नसतात. आधी रक्तदाब, नाडी आणि चार-पाच प्रश्न: किती वाजता सुरू झाले, कोणते औषध घेतले, मार लागला का, सिकलसेल आहे का, याआधी असे झाले होते का. मग जागा बधिर करून लिंगाच्या बाजूने सुई घालतात आणि कोंडलेले रक्त काढतात. ते काळपट, दाट असते. त्याची वायुतपासणी केली की प्रकार कळतो. रक्त काढता काढता लाल रक्त येऊ लागले, दांडा मऊ पडला, तर काम झाले. नाही पडला तर फिनाइलएफ्रिन थोड्या थोड्या मात्रेत, काही मिनिटांच्या अंतराने टोचतात आणि दर वेळी रक्तदाब पाहतात. लवकर आलेल्या बहुतेक रुग्णांचे एवढ्यावर भागते. तासाभराच्या प्रयत्नानंतरही ताठरता उतरली नाही किंवा खूप उशीर झाला असेल, तर शस्त्रक्रियेने रक्ताला बाहेर जाण्याची वेगळी वाट करून देतात. सिकलसेलच्या रुग्णाला सलाइन, वेदनाशामक, गरजेप्रमाणे ऑक्सिजन देतात, पण त्यासाठी सुईचा उपचार थांबवून ठेवत नाहीत.

घरी काय करता येते? लघवी करून यावे, पाणी प्यावे, थोडे चालावे. एवढे करून पाहायला हरकत नाही, पण तेवढ्यासाठी निघायला उशीर करू नये. बर्फाने शेकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सिकलसेल असेल तर थंडीने पेशी आणखी अडकतात, त्यामुळे बर्फ टाळावा. तेल चोळणे, दोरी बांधणे, स्वतः सुई टोचणे यांनी नुकसानच होते. पुन्हा संबंध ठेवून ताठरता जाईल ही समजूतही खोटी ठरते, कारण इथे अडचण इच्छेची नसून निचऱ्याची आहे.

निलंग्याहून कुठे जायचे?

निलंग्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. विंचूदंशाचा रुग्ण असेल तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा हे रुग्णालय गाठायचे. लातूरला थेट निघून वाटेत तास घालवण्यात अर्थ नाही, कारण पहिली गोळी आणि रक्तदाबावरची नजर इथेच मिळू शकते. विंचू नसेल तरी आधी इथेच दाखवावे. शल्यचिकित्सक हजर असेल तर सुईने रक्त काढण्याचे काम मोठ्या शहरावाचून अडत नाही. नसेल तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, सुमारे पन्नास किलोमीटरवर. नांदेडच्या बाजूच्या गावांना विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. रात्री वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. निघण्याआधी फोन करून शस्त्रक्रिया विभागात डॉक्टर आहेत का हे विचारले तर एक फेरा वाचतो.

खरी अडचण रस्त्याची नसते. समजा, रात्री दहाला त्रास सुरू झाला. बायकोला सांगायला बारा वाजतात. भावाला उठवायचे की नाही यात दोन. उजाडल्यावर ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून वेदनेची गोळी. दुपारी दुखणे असह्य झाल्यावर दवाखाना, आणि तिथे केसपेपरच्या खिडकीवर मागे गावातलीच माणसे उभी म्हणून तक्रार 'पोट दुखतंय' अशी लिहिलेली. पोटदुखीचा रुग्ण रांगेत बसतो. अशा हिशेबात पंधरा-सोळा तास सहज जातात आणि त्यातला एकही तास प्रवासाचा नसतो.

खिडकीवर सगळे सांगायची गरज नाही. 'लघवीच्या जागेची तातडीची तक्रार आहे, डॉक्टरांना लगेच भेटायचे आहे' एवढे वाक्य पुरते. आत डॉक्टरसमोर मात्र पहिल्याच वाक्यात ताठरता किती तासांपासून आहे हे सांगावे. डॉक्टर किंवा परिचारिका स्त्री असेल म्हणून परत फिरू नये. त्यांच्यासाठी तो तातडीचा रुग्ण असतो. वडिलांशी बोलता येत नसेल अशा मुलाने मामाला, मोठ्या भावाला किंवा मित्राला सांगावे. लैंगिक आरोग्यावर सरळ मराठीत लिहिणे-बोलणे हे काही आजचे नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हेच करत होते आणि त्यासाठी त्यांनी खटलेही झेलले. घरातले बोलणे मात्र तेवढे पुढे सरकलेले नाही.

उपचारानंतर

ताठरता उतरल्यावर काही दिवस सूज आणि ठणक राहते, लिंग पूर्ण मऊ वाटत नाही. ते अपेक्षित असते. पुन्हा कडकपणा आणि वेदना वाढू लागल्या तर त्याच दिवशी परत जावे. पुढची नैसर्गिक ताठरता यायला काही आठवडे लागू शकतात. ती आलीच नाही तर मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवावे. गोळ्यांनी फरक पडला नाही तर कृत्रिम रोपण बसवण्याचा पर्याय असतो. खूप उशिरा आलेल्या रुग्णांत काही तज्ज्ञ हे रोपण लवकर बसवतात, कारण आतली ऊती पूर्ण निबर झाल्यावर शस्त्रक्रिया अवघड होते.

ज्या औषधाने त्रास झाला त्याचे नाव केसपेपरवर ठळक लिहून घ्यावे आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर दाखवावे. मानसिक आजाराचे औषध असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला भेटून बदलून घ्यावे. सिकलसेलच्या रुग्णाला पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर तो टाळण्यासाठी औषधे देता येतात. त्यासाठी कोणत्या तारखेला, किती वाजता, किती वेळ ताठरता राहिली हे एका वहीत लिहून ठेवले तर डॉक्टरला मात्रा ठरवायला सोपे जाते.